घरची भट्टी आणि एक दुरुस्ती

नियतकालिकात चूक झाली म्हणजे पुढील अंकाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक टाइपात 'दुरुस्ती' छापावयाची, असा संपादनव्यवसायातील जुना रिवाज आहे. बहुधा ती कोणी वाचत नाही. आणि खरे सांगावयाचे तर ती कोणी वाचू नये अशीच संपादकाची मनोमन इच्छा असते. या खेपेची दुरुस्ती मात्र मी कोपऱ्यात ढकलणार नाही. या सदराची सारी जागा मी तिलाच देत आहे. कारण ही चूक छापखान्याची नव्हे, माझी आहे. आणि तिचा परिणाम कागदावर न राहता एका घरच्या ताटलीपर्यंत जाऊन पोहोचला आहे.

हकीकत अशी. काही महिन्यांपूर्वी याच सदरात चॉकलेटचे तुकडे घातलेल्या मऊ कुकीजची कृती प्रसिद्ध झाली होती. तिला अनुसरून मध्य प्रदेशातील एका शहरातून अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचे पत्र आले. तिच्या आजोबांचे उरलेसुरले दात काढून आठ दिवस झाले होते आणि कवळी बसावयास अवकाश होता. पेज, गुरगुट्या भात आणि दूधपोळी यांना ते विटले होते. शीर्षकातील 'मऊ' हा शब्द पाहून मुलीने साठविलेल्या पैशांतून चॉकलेट आणले, शेजाऱ्यांचा ओव्हन मागून घेतला आणि आमची कृती अक्षरशः पाळली. निवलेल्या कुकीज ताटलीत ठेवल्या तेव्हा त्यांचा टणत्कार झाला. आजोबांनी एक कुकी चहात बुडवून बुडवून संपविली व नातीला म्हणाले, "छापलंय तसंच केलंस ना? मग ही अशीच असायची."

पत्रात तक्रारीचा एक शब्दही नव्हता. शेवटी एवढेच विचारले होते : कुकी मूळचीच अशी असते, की माझे काही चुकले?

तिचे काहीही चुकले नव्हते. जे चुकले ते माझ्या टेबलावर.

आमच्याकडे येणारा मूळ मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असतो, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या कृतीची मूळ प्रत काढून मी माझ्या भाषांतराशी ताडून पाहिली. मुळात म्हटले होते की, कुकीची कड धरली असेल आणि मधला भाग अद्याप कच्चा दिसत असेल, तेव्हाच ट्रे बाहेर काढावा. हे वाक्य भाषांतर करताना मला खटकले होते. कच्चा पदार्थ भट्टीतून काढा असे कोणी सुगरण सांगेल काय? लेखिकेच्या हातून अनवधानाने काही राहून गेले असावे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली आणि लिहिले : "मध्यभाग पूर्ण भाजून टणक होईपर्यंत ठेवावे." दुसरे असे की, मुळात तपकिरी साखर सांगितली होती. ती सर्वत्र मिळत नाही, या विचाराने मी तेथे नुसता 'साखर' हा शब्द घातला. वाचकांची सोय पाहिली, असे तेव्हा वाटले होते. या दोन बदलांनी मऊ कुकीचा दगड केला.

आणखी एका शब्दाचा निर्वाळा येथेच केला पाहिजे. या कुकीचा जो गुण तिकडे नावाजला जातो, तो म्हणजे दातांखाली थोडी ताणली जाऊन मग तुटणे. या गुणाला मराठीत चटकन शब्द मिळत नाही. 'चिवट' म्हणावे तर ती निंदा होते. चिवट पुरी, चामट पोळी म्हणजे गृहिणीचा पराभव. भाजलेल्या व तळलेल्या खाऊच्या बाबतीत आपली परमोच्च पदवी 'खुसखुशीत' ही आहे. मी तो पेच सोडविला नाही. मूळ विशेषण गाळून मोकळी झाले. परंतु शब्द गाळला की त्याबरोबर पदार्थाची कल्पनाही गळते. आज मी त्या गुणाला 'लवचीक' म्हणेन. ताज्या मऊ तिळाच्या वडीचा घास दातांखाली जसा आधी नमतो आणि मग तुटतो, तशी ही कुकी असावी. बाहेरची कड किंचित कुरकुरीत, आतील गाभा मऊ व लवचीक.

आता हा पदार्थ आला कोठून, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेस व्हिटमन नावाचे गाव आहे. तेथे १९३० मध्ये रूथ वेकफील्ड आणि त्यांचे पती केनेथ यांनी 'टोल हाऊस' या नावाने खाणावळ व उतारूगृह सुरू केले. रूथबाईंनी १९२४ मध्ये फ्रॅमिंगहॅम येथे गृहशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले होते आणि आहारतज्ज्ञ म्हणून कामही केले होते. या कुकीविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते : बाईंच्या घरातील एक जिन्नस संपला, म्हणून त्यांनी चॉकलेटचे तुकडे पिठात टाकले, ते वितळून एकजीव होतील असे त्यांना वाटले होते, पण ते तसेच राहिले आणि अपघाताने नवा पदार्थ जन्मला. गोष्ट गोड आहे. पण स्वतः रूथबाईंनी पुढे निराळेच सांगितले. आइस्क्रीमबरोबर त्या एक पातळ कुकी देत असत. ग्राहकांना काही वेगळे द्यावे म्हणून त्यांनी ही कृती जाणूनबुजून सिद्ध केली. १९३८ मध्ये त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकाच्या आवृत्तीत ती छापली गेली. पुढील वर्षी नेस्ले कंपनीने याच कामासाठी चॉकलेटचे तयार दाणे बाजारात आणले आणि पाकिटावर रूथबाईंची कृती छापली. ते उतारूगृह १९८४ च्या अखेरीस आगीत नष्ट झाले. परंतु १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने या कुकीला राज्याची अधिकृत कुकी म्हणून मान्यता दिली.

या इतिहासातील एक बारकावा आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. रूथबाईंची मूळ कुकी मऊ नव्हती. लहान, पातळ आणि कुरकुरीत होती. पुस्तकातील तिच्या नावातच कुरकुरीतपणाचा उल्लेख होता. दुकानात गरम गरम मिळणाऱ्या मोठ्या, मऊ कुकीची आवड पुढे वाढली. १९७७ मध्ये डेबी फील्ड्स यांनी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे उघडलेल्या दुकानाचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणजे जिन्नस बव्हंशी तेच. प्रमाण आणि भाजण्याचा काळ बदलला की त्याच पिठाची एक कुकी कुरकुरीत होते, दुसरी मऊ. हा फरक नशिबाचा नव्हे, कारणांचा आहे. ती कारणे हाती आली, की निम्मे काम झाले.

ती कारणे मला पुस्तकात सापडली खरी; पण समजली ती सासूबाईंच्या तोंडून. पत्र आल्यावर एका रविवारी मी घरी दोन घाणे केले. पहिला माझ्या चुकीच्या भाषांतराबरहुकूम. कुकीज ओव्हनमध्ये असतानाच बोटाला टणक लागेपर्यंत ठेवल्या. निवल्यावर त्या विटेसारख्या झाल्या. सासूबाईंनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "पाक पुढे गेलाय. चुलीवर असतानाच घट्ट दिसला, की तो पाक हातचा गेला समजावा."

वाचकहो, या दोन वाक्यांत सारे विज्ञान आले. ज्या घरांत संक्रांतीला तिळाच्या वड्या होतात, त्या घरांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाक चुलीवर उकळत असतो तेव्हा त्यातील पाणी उडत जाते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद असा तो पुढे सरकतो. गरम असताना तो नेहमी वाटतो त्यापेक्षा सैल दिसतो. निवल्यावर त्याचे खरे रूप कळते. म्हणून मऊ वडी हवी असेल तर जाणती बाई पाक 'झाला' असे दिसण्याच्या किंचित आधीच पातेले उतरविते. कुकीच्या पोटातही हेच घडते. पिठातील साखर लोण्यातील व अंड्यातील पाण्यात विरघळून पाक बनते. जितका वेळ आच, तितके पाणी कमी. जितके पाणी कमी, तितका निवल्यावरचा टणकपणा अधिक. शिवाय ट्रे बाहेर आला तरी तापलेला पत्रा कुकीला आणखी काही मिनिटे भाजतच राहतो. ओव्हनमध्ये जी पूर्ण झालेली दिसते, ती बाहेर येऊन पूर्णत्वाच्या पलीकडे जाते.

आता साखरेकडे वळू. पांढरी साखर निवताना पुन्हा स्फटिकरूप धरू पाहते आणि पदार्थाला ठिसूळ कडकपणा येतो. तपकिरी साखरेत उसाच्या मळीचा अंश असतो. त्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा स्फटिक बनण्यास अटकाव करतात, आणि विशेषतः फ्रुक्टोज हवेतील ओलावा धरून ठेवते. पाकाला साखर धरू नये म्हणून आपण लिंबाचे चार थेंब पिळतो, त्यामागील तत्त्व हेच : आम्लामुळे काही साखर या दोन शर्करांत विभागली जाते. तपकिरी साखर न मिळाल्यास निराश होण्याचे कारण नाही. १५० ग्रॅम पांढऱ्या साखरेत दीड मोठा चमचा दाट काकवी बोटांनी चोळून मिसळली, की काम भागते. रंग थोडा फिका येईल, पण ओलावा राहील. काकवीही नसेल तर निम्मी साखर व निम्मी गुळाची बारीक पूड घ्यावी. चवीत गूळ जाणवेल, आणि चॉकलेटशी त्याचे वैर नाही.

स्निग्धांशाची गोष्ट याहून रंजक आहे. शंकरपाळ्यांत आपण कडकडीत तुपाचे मोहन घालतो ते कशासाठी? तूप पिठाच्या कणाकणावर बसते, पाण्याला पिठाशी सलगी करू देत नाही, त्यामुळे पिठाला चिकटपणा येत नाही व पदार्थ खुसखुशीत होतो. नानकटाईत तर तूप, पिठीसाखर व मैदा एवढेच मुख्य. पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून ती जिभेवर विरघळते. लोण्यात मात्र स्निग्धांशाबरोबर सुमारे सहावा हिस्सा पाणी असते. लोणी वितळवून घातले की ते पाणी मोकळे होऊन मैद्याला भेटते आणि थोडासा चिकट ताण निर्माण होतो. नानकटाईत जो दोष, तो येथे गुण. त्याच कारणाने या कृतीत लोण्याऐवजी तूप घालू नये. साखरेबरोबर थंड लोणी फेसून घेतले तर हवा कोंडली जाऊन कुकी केकसारखी फुगीर होते. तेही आपणांस नको आहे. राहता राहिले अंडे. एका अख्ख्या अंड्याबरोबर एक जादा पिवळा बलक घातला, की त्यातील स्निग्धांशामुळे गाभा मऊ राहतो. पांढरा भाग वाढविल्यास कुकी कोरडी पडते.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर कृती फार सोपी वाटेल. सुमारे २२ कुकीजसाठी जिन्नस असे : मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी १५० ग्रॅम, तपकिरी साखर १५० ग्रॅम, पांढरी साखर ८० ग्रॅम, एक अख्खे अंडे व एक पिवळा बलक, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, मीठ अर्धा चहाचा चमचा, व्हॅनिला इसेन्स एक चहाचा चमचा आणि चॉकलेट २०० ग्रॅम. बाजारातील पिवळे खारे बटर वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. शक्य असेल तर जिन्नस वजनानेच घ्यावेत. वाटी दाबून भरली की मैदा सहज वाढतो, आणि जादा मैद्याची कुकी पसरत नाही, कोरडी होते.

चॉकलेट घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा. कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पतीतेल घातलेले, कंपाउंड म्हणून विकले जाणारे चॉकलेट स्वस्त पडते, पण जिभेवर मेणासारखे लागते. तयार दाण्यांत कोकोचे लोणी बेताचे असते, म्हणून ते भट्टीतही आपला आकार राखतात. साधी कडसर वडी सुरीने ओबडधोबड चिरून घातली तर ती वितळून मधूनमधून चॉकलेटची तळी साचतात. मला दुसरा प्रकार अधिक रुचला.

प्रथम लोणी मंद आचेवर नुसते वितळवावे व हाताला कोमट लागेल इतके निवू द्यावे. त्यात दोन्ही साखरा घालून मिनिटभर घोटावे. मग अंडे, बलक व इसेन्स घालून मिश्रण गुळगुळीत व तकतकीत होईपर्यंत ढवळावे. मैदा, सोडा व मीठ एकत्र चाळून त्यात घालावे आणि लाकडी उलथन्याने वरखाली करावे. येथे हात आखडता घ्यावा. कणकेसारखे मळले तर लवचीकपणा हद्दीबाहेर जाऊन खरोखरीच चिवटपणा येईल. कोरडे पीठ दिसेनासे होण्याच्या सुमारास चॉकलेट मिसळावे व थांबावे.

हे पीठ झाकून फ्रिजमध्ये निदान एक तास ठेवावे. रात्रभर ठेवल्यास अधिक चांगले. मैदा सावकाश ओलावा पितो, चव मुरते आणि लोणी गोठल्यामुळे कुकीज भट्टीत एकदम पसरत नाहीत. घरात मुले असतील तर या मुक्कामात पिठाची चोरी होण्याचा संभव आहे. ती होऊ देऊ नये; कच्चे अंडे आणि कच्चा मैदा दोन्ही पोटाला बाधू शकतात.

ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर आधी नीट तापवून घ्यावा. बटर पेपर अंथरलेल्या ट्रेवर प्रत्येकी ४० ग्रॅमचे, साधारण लहान लिंबाएवढे गोळे दोन-दोन इंच अंतरावर ठेवावेत. दाबून चपटे करू नयेत. ते आपोआप पसरतात. दहाव्या मिनिटापासून ओव्हनसमोरून हलू नये. अकरा ते तेरा मिनिटांच्या दरम्यान केव्हातरी तो क्षण येतो. कड फिक्या बदामी रंगाची होऊन धरलेली असते. मधला भाग फुगलेला, फिकट, थोडा ओलसर, आणि अगदी स्पष्ट सांगावयाचे तर कच्चा दिसतो. याच क्षणी ट्रे बाहेर काढावा. मन म्हणेल, 'आणखी दोनच मिनिटे.' त्याचे ऐकू नये. मी ऐकले होते, तेही दुसऱ्याच्या वतीने.

ट्रे बाहेर काढल्यावर कुकीजना हात लावू नये. त्या इतक्या नाजूक असतात की उचलताच मोडतील. दहा मिनिटे त्या ट्रेवरच राहू द्याव्यात. फुगलेला मध्य हळूहळू खाली बसतो, पृष्ठभागावर बारीक भेगा दिसू लागतात. राहिलेली भाजणी या दहा मिनिटांत होते. मग उलथन्याने उचलून जाळीवर ठेवाव्यात.

घरोघरचे ओव्हन सारखे नसतात. तबकडीवरील आकडा आणि आतील खरी उष्णता यांत पुष्कळदा तफावत असते. म्हणून पहिल्यांदा एकच कुकी भाजून पाहावी, पूर्ण निवू द्यावी, आणि ती मोडून पाहिल्यावरच बाकीचा घाणा लावावा. एक कुकी खर्ची पडते, एकवीस वाचतात. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे आणि ताटलीत तीन-चार गोळे ठेवून भाजावेत. वेळ पंधरा ते वीस मिनिटे लागतो. वरचा रंग फिका राहतो. तेव्हा रंगावर न जाता कडेवर लक्ष ठेवावे.

अंडे न खाणाऱ्या कुटुंबांनी अंडे व बलक यांऐवजी चार मोठे चमचे दूध व एक मोठा चमचा दुधाची भुकटी घ्यावी. कुकी मऊ होईल, पण लवचीकपणा थोडा कमी असेल, हे आधीच सांगून ठेवते. आता शब्दांच्या बाबतीत मी अधिक जपून आहे.

आमचे वाचक निरनिराळ्या हवामानांत राहतात, तेव्हा साठवणीविषयीही लिहिले पाहिजे. कोकणातील किंवा बंगालमधील पावसाळ्यात उघडी कुकी हवेतील ओल पिऊन सादळते. राजस्थानात वा दिल्लीच्या उन्हाळ्यात तीच एका दिवसात वाळते. पूर्ण निवल्यावर त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. कोरड्या प्रदेशात डब्यात पावाचा एक तुकडा ठेवावा. पावातील ओलावा कुकीत जातो, पाव कडक होतो, कुकी मऊ राहते. चार दिवसांच्या आत त्या संपवाव्यात. हा रोजचा आहार नव्हे, साखर व लोणी यांचा ऐवज आहे. एका वेळी एक पुरे. कच्च्या पिठाचे गोळे मात्र डब्यात भरून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतात. पाहुणे आले की हवे तितकेच काढावेत व एक-दोन मिनिटे अधिक भाजावेत.

दुसरा घाणा निवत असताना सासूबाईंनी त्यांच्या लहानपणची एक आठवण सांगितली. दिवाळीपूर्वी घरोघरच्या बायका मैदा, तूप व साखर डब्यांत भरून जवळच्या बेकरीत नेत. नानकटाईचे गोळे तेथील पत्र्यांवर मांडून आपापल्या पाळीची वाट पाहत. भट्टीतून पत्रा केव्हा ओढावयाचा, हे भट्टीवाला ठरवी. जिन्नस घरचे, हात घरचे. पण शेवटचा निर्णय त्याचा. "आम्हांला ते कधी शिकावंच लागलं नाही," त्या म्हणाल्या. ओव्हन घरात आल्यापासून तो निर्णय आपल्यावर आला आहे. अशा वेळी आपण छापील शब्दाकडे पाहतो. भट्टीवाल्याची जागा त्या शब्दाने घेतलेली असते. म्हणून मासिकात कृती छापणाऱ्याने ती निदान एकदा स्वतः करून पाहिली पाहिजे. मी ती केली नव्हती. यापुढे या सदरात येणारी प्रत्येक कृती आमच्यापैकी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून गेल्याशिवाय छापली जाणार नाही.

त्या मुलीला मी टपालाने उत्तर पाठविले : तुझे काही चुकले नाही, चूक आमची. सोबत ही कृती आणि दुसऱ्या घाण्यातील सहा कुकीज पावाच्या तुकड्यासह डब्यात भरून पाठविल्या. तिचे उलट टपाली पत्र आले आहे. आजोबांनी कुकी चहाशिवाय खाल्ली. मात्र ती खाण्यापूर्वी त्यांनी विचारले, "आता तरी नीट छापलंय ना?"

म्हणून, वाचकहो, एक विनंती. तो जुना अंक आपल्या घरी असेल तर कृपया त्या पानावरील "मध्यभाग पूर्ण भाजून टणक होईपर्यंत ठेवावे" हे वाक्य खोडावे. 'साखर' या शब्दाशेजारी 'तपकिरी, किंवा काकवी मिसळलेली' असे लिहावे. आणि समासात पुढील ओळ उतरवून घ्यावी :

"कड धरली असेल आणि मधला भाग अजून कच्चा दिसत असेल, तेव्हाच ट्रे बाहेर काढावा, दहा मिनिटे हात लावू नये."

मूळ लेखिकेने हेच लिहिले होते.